मोकळ्या कोंबड्या रात्री खुराड्यात कशा आणायच्या: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

परसात दहा-बारा कोंबड्या मोकळ्या सोडून पाळणं तसं अवघड नाही. किडे, वाळवी, गवताचं बी, खरकटं टिपत त्या आपला दिवस काढतात. दिवसा कुत्रं आलं तर ओरडतात, उडतात, झुडपात शिरतात. नव्या माणसाचं नुकसान होतं ते रात्री, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच.

त्याचं कारण असं, की कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवसा घारीची सावली पडली तरी चमकणारी कोंबडी रात्री कुणी पायाला धरून उचललं तरी जागची हलत नाही. रानमांजराला नेमकं हेच हवं असतं. म्हणून तिन्हीसांजेचा तो तासाभराचा वेळ नीट सांभाळता आला, तरच मोकळं कोंबडीपालन टिकतं.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो. कोंबडी काठी घेऊन हाकलून आत घालायची नसते, ती आपल्या पायाने यायला हवी. रोज हाकलावं लागत असेल तर कोंबडीला हट्टी ठरवू नका, दोष खुराड्यात शोधा. तिथे तिला उकडत असेल, चावत असेल, दाटी होत असेल, नाहीतर बसायला धड दांडीच नसेल.

आधी कोंबडीचं वागणं समजून घ्या

आपल्या गावठी कोंबडीचा पूर्वज लाल रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा त्याचा भाऊबंद. दोघेही दिवसभर जमिनीवर चरतात आणि दिवस कलला की झाडावर किंवा बांबूच्या बेटात चढून बसतात. उंच जागा, पायाला पक्की पकड, वर आडोसा आणि रोज तीच जागा, एवढंच त्यांना रात्रीसाठी लागतं. गावठी, असील आणि कडकनाथ यांच्यात ही सवय अजून पक्की आहे. तुम्ही उंच जागा दिली नाहीत तर त्या स्वतः शोधतात: दारचा आंबा, गोठ्याचं आढं, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग.

गिरिराज, वनराज यांसारख्या जड अंगाच्या सुधारित जातींचं वेगळं. त्यांना उंच उडवत नाही. जागा नसली की त्या पडवीच्या कोपऱ्यात, लाकडांच्या ढिगाशी किंवा बैलगाडीखाली जमिनीवरच एकमेकींना चिकटून बसतात. झाडावरच्या कोंबडीपेक्षा यांना धोका जास्त, कारण त्यांच्यापर्यंत पोचायला कुत्र्यालासुद्धा कष्ट पडत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. कोंबडी घड्याळ पाहत नाही, उजेड पाहते. पुण्याच्या आसपास डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आधीच सूर्य मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासात होतात. म्हणजे ‘मी रोज साडेसहाला दार लावतो’ हा नियम थंडीत उशिराचा आणि उन्हाळ्यात घाईचा. सूर्य मावळायच्या पाऊण तास आधी कोंबड्या घराच्या दिशेने सरकू लागतात आणि मावळल्यावर वीसेक मिनिटांत दांडीवर स्थिरावतात. पावसाळी आभाळ असेल तर आणखी लवकर. तुमचं काम या वेळेत घरी असणं. ते जमणार नसेल तर घरातल्या कुणावर तरी ते कायमचं सोपवा. आज मी, उद्या तू असं ठेवलं की एखाद्या दिवशी दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने दार लावलं असेल.

रात्री येतं कोण

खुराडं कोणासाठी बांधायचं हे ठरवायला पाहुणे माहीत हवेत. मुंगूस दिवसाचं आणि कातरवेळेचं जनावर. दार उशिरा लावणाऱ्यांना आणि पहाटे फार लवकर उघडणाऱ्यांना ते सापडतं. अंधार पडला की रानमांजर, उदमांजर, माळावर कोल्हा आणि सगळीकडे मोकाट कुत्री. उदमांजर झाडावर सहज चढतं, त्यामुळे आंब्यावरच्या कोंबडीला ते चुकत नाही. फांदीवर उघड्यावर बसलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मोठं घुबडही उचलतं. घूस खालून उकरून येते आणि पिल्लं ओढून नेते. धामण आणि नाग अंड्यांसाठी, पिल्लांसाठी आणि खुराड्याखाली माजलेल्या उंदरांसाठी येतात. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले अशा ऊसपट्ट्यांत बिबट्याही आहे.

सकाळी काय उरलं यावरून बराच अंदाज बांधता येतो. पाच-सहा कोंबड्या मारून तिथेच टाकल्या असतील तर बहुधा कुत्रं किंवा मुंगूस. एखादीच गायब आणि थोडी पिसं पडलेली असतील तर रानमांजर किंवा कोल्हा. पिल्लं आणि अंडी काही मागमूस न ठेवता नाहीशी झाली तर साप किंवा घूस. कोंबडी आतच पण मान नाहीतर पंख ओरबाडलेला असेल, तर कुणीतरी जाळीतून पंजा घातला आहे.

मुंगूस, रानमांजर, उदमांजर, साप, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. फासे, विष, वीजतार यातलं काहीही करायचं नाही. कायद्याचा विषय बाजूला ठेवला तरी विष घातलेलं मांस आधी शेजाऱ्याचं कुत्रं खातं, आणि एक मुंगूस मेलं तरी त्या भागात दुसरं येतं. भोक बुजवणं हाच कायमचा उपाय.

पायरी पहिली: खुराडं

जुन्या घरांत ओसरीच्या भिंतीतच दगडी खुराडं असायचं आणि तोंडाला फळी लावून वर दगड टेकवायचे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते फार चांगलं. हवेच्या दृष्टीने मात्र कोंदट. आज बांधताना दोन्ही साधा.

बारा गावठी कोंबड्यांसाठी फक्त रात्रीच्या मुक्कामाला ५ फूट लांब आणि ४ फूट रुंद खुराडं पुरतं. म्हणजे प्रत्येकीला दीड चौरस फुटापेक्षा थोडी जास्त जागा. दिवसभर कोंडून ठेवायचं असेल तर ही जागा अजिबात पुरणार नाही, हे आधीच ध्यानात घ्या. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच पायांवर उभं केलं तर पावसाची ओल, घूस आणि साप यांचा बराचसा बंदोबस्त होतो. पायांना मध्यावर पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळली की उंदीर चढत नाही. उंच करायचं नसेल तर खाली कोबा करा. नुसती सारवलेली जमीन घूस एका रात्रीत पोखरते. कोबाही नको असेल तर जाळी भिंतीपासून बाहेर फूटभर जमिनीत आडवी पुरून वर माती आणि दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं. त्याला जाळी लागली की ते मागे सरून उकरायचा विचार सहसा करत नाही.

बाजारात कोंबडीची जाळी म्हणून मिळते ती षटकोनी, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवायला ठीक, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दाताने फाडतं. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या. महाग पडते हे खरं. म्हणून सगळीकडे न लावता भिंती फळ्यांच्या, विटांच्या किंवा बांबूच्या दाट कुडाच्या करा आणि वरच्या दीड फुटात दोन समोरासमोरच्या बाजूंना ही जाळी ठोका. जुनी मासेमारीची किंवा नायलॉनची जाळी रात्रीच्या खुराड्याला लावू नका. रानमांजर ती कुरतडतं आणि साप तिच्यात अडकून मरतो.

हवा वरून खेळली पाहिजे, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या अंगावरून नको. पहाटे दार उघडल्याबरोबर डोकं आत घालून दांडीच्या उंचीवर दोन श्वास घ्या. नाकाला आणि डोळ्यांना झोंबलं तर हवा कमी आहे. कोंबड्या तिथे दहा-अकरा तास बसलेल्या असतात आणि सर्दी-घुरघुर त्यातूनच सुरू होते.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन सरळ आत येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याचं छप्पर मे महिन्यात संध्याकाळी सातलाही तापलेलं असतं. कोंबडी दाराशी येते, मान आत घालते आणि परत फिरते. पत्र्यावर पाचट, कडबा किंवा तुऱ्हाट्यांचा जाड थर द्या, वरून चुना मारा, चारच्या सुमारास पाणी शिंपडा. कोकणात अडचण उलटी. तिथे छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट तरी यायला हवं, नाहीतर पागोळ्यांचं पाणी आत उडतं, तूस भिजतो आणि ओल्या तुसातून रक्ती हगवण पसरते.

दांडी

यावर थोडं जास्त लिहितो, कारण खुराड्यावर हजारो रुपये घालून दांडीकडे दुर्लक्ष झालेलं फार वेळा दिसतं.

दांडी मनगटाएवढ्या जाडीची हवी, साधारण दोन इंच. पेरू, सुबाभूळ, निलगिरी अशी सरळ फांदी साल काढून घ्या. साल ठेवली तर तिच्याखाली किडे घर करतात. रिपेची पट्टी वापरत असाल तर वरच्या कडा रंधून गोल करा. प्लॅस्टिकचा पाइप आणि लोखंडी सळई नको. पाइपवर पाय घसरतो, कोंबडी रात्रभर तोल सांभाळत बसते आणि दोन दिवसांनी झाडावर जाते. सळई थंडीत गार पडते.

प्रत्येक कोंबडीला आठ-नऊ इंच दांडी लागते. बारा कोंबड्यांना नऊ फूट, म्हणजे ५ फुटी दोन दांड्या. दोन्ही एकाच उंचीवर बसवा. जिन्यासारख्या चढत्या लावल्या तर सगळ्यांना वरचीच हवी असते. मग रोज संध्याकाळी मारामारी होते आणि अशक्त तलंगा कंटाळून बाहेर राहतात. मागची दांडी भिंतीपासून फूटभर, पुढची तिच्यापासून सव्वा फूट. गावठी जातींना दोन-अडीच फूट उंची ठीक. गिरिराज-वनराजला फूट-दीड फुटापेक्षा उंच नको. जड कोंबडी सकाळी धाडकन खाली उतरते, तळव्याला मार बसतो, गाठ होते आणि ती लंगडते.

अंडी घालायच्या पेट्या दांडीपेक्षा खाली असाव्यात. वर असल्या तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेत सापडतात. नव्या तलंगांना ही सवय लागायच्या आत पेट्यांची तोंडं संध्याकाळी फळीने झाका आणि रात्री उशिरा किंवा पहाटे काढा.

दांडीखाली भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरा. विष्ठेचा मोठा भाग रात्रीच पडतो. दर दोन-तीन दिवसांनी वरचा थर फावड्याने ओढून खतखड्ड्यात टाका. चांगलं कुजल्यावर परसातल्या भाजीला त्यासारखं खत नाही.

पायरी दुसरी: पहिला आठवडा कोंडून

आठवडा बाजारातून किंवा दुसऱ्या गावाहून आणलेली कोंबडी पहिल्या संध्याकाळी सोडली तर ती परत येत नाही. तिला तुमचं घर माहीतच नसतं. सात ते दहा दिवस तिला खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या छोट्या जाळीच्या आवारातच ठेवा. चारा-पाणी तिथेच. तेवढ्यात तिला कळतं की रात्र इथे काढायची. आधीच्या कोंबड्या असतील तर नवीन दोन आठवडे वेगळ्याच ठेवा, कारण बाजारातून मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) येते. वेगळं ठेवणं आणि जागेची सवय ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

पहिल्या तीन-चार रात्री अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन आत पाहा. जमिनीवर बसलेली कोंबडी हलकेच उचलून दांडीवर ठेवा. एक तळवा छातीखाली घाला, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी धरा आणि पाय दांडीला टेकवा. बोटं आपोआप आवळली जातात. ती पकड जाणवली की मगच हात काढा. तोंड भिंतीकडे करून ठेवलं तर ती लगेच उडी मारत नाही. बहुतेक कोंबड्या तिसऱ्या-चौथ्या रात्री स्वतः चढतात.

मग सोडायला लागा, पण एकदम दिवसभर नाही. पहिल्या दिवशी सूर्य मावळायला तास राहिला असताना आणि पोट रिकामं असताना दार उघडा. भुकेली कोंबडी लांब जात नाही आणि थोड्याच वेळात अंधार तिला परत आणतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस. आठवड्याभरात ती पूर्ण दिवस मोकळी राहू शकते.

पायरी तिसरी: संध्याकाळचा दाणा आणि हाक

दिवसभराचा वरचा दाणा सकाळी न देता संध्याकाळी द्या. मोकळ्या कोंबडीला साधारण ३० ते ४० ग्रॅम पुरतात: ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी, जे घरात असेल ते. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, खुराड्याच्या दाराशी आणि थोडा आत. रोज तीच हाक द्या. ‘ती-ती-ती’ करा, ‘बा-बा-बा’ करा नाहीतर पत्र्याचा डबा वाजवा. आवाज कुठलाही चालेल, पण रोज तोच हवा आणि हाक दिली की दाणा मिळालाच पाहिजे. रिकाम्या हाताने बोलावलं की दोन-तीन दिवसांत हाकेची किंमत जाते.

एवढाच दाणा द्या की पंधरा मिनिटांत संपेल. उरलेला दाणा उंदरांना आणि उंदीर सापांना बोलावतात. पाण्याचं भांडं मात्र भरलेलं ठेवा. झोपण्यापूर्वी कोंबडी पोटभर पाणी पिते.

अजूनही काही दाराशी घुटमळत असतील तर खुराड्याच्या आतल्या टोकाला छोटा बल्ब किंवा सोलर दिवा लावून पाहा. बाहेर अंधारतं तसा आतला उजेड त्यांना ओढतो. सगळ्या चढल्या की दिवा विझवा. सात-आठ दिवसांत त्याची गरज उरत नाही. रात्रभर दिवा ठेवू नका. त्यांची झोप होत नाही आणि जाळीतून आतलं सगळं बाहेरच्याला दिसत राहतं.

झाडावर जाणाऱ्या

कितीही केलं तरी कळपात एखादी पुढारी असते. ती झाडावर गेली की मागून चार जातात. सगळ्यांच्या मागे धावू नका, ती एक ओळखा. तिला दाणा टाकतानाच पकडून आत घाला आणि तीन-चार दिवस आतच ठेवा. बाकीच्या बहुधा आपोआप खुराड्याकडे वळतात.

उंचावर नसेल तर रात्री पूर्ण अंधार झाल्यावर उतरवणं सगळ्यात सोपं. दिवसा पन्नास फेऱ्या मारायला लावणारी कोंबडी तेव्हा शांतपणे हाती येते. बॅटरीचा झोत तिच्या डोळ्यांवर मारू नका, जमिनीकडे धरा. सलग पाच-सहा रात्री हे केलं तर सवय मोडते. एक दिवस सोडलात तर पुन्हा पहिल्यापासून. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर मात्र अंधारात झाडाखाली एकट्याने जाऊ नका. एक कोंबडी गेली तर गेली.

त्या चढतात कशावरून हेही पाहा. बहुतेक वेळा कुंपण, लाकडाचा ढीग, मग खालची फांदी असा ठरलेला मार्ग असतो. ढीग हलवला आणि खालच्या दोन फांद्या छाटल्या की अर्धं काम होतं. एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापण्याची पद्धतही आहे. मला ती पसंत नाही. मोकळ्या कोंबडीला दिवसा कुत्र्यापासून वाचायला उडताच यायला हवं.

नेहमीच्या कोंबड्या अचानक येईनाशा झाल्या तर

महिनोन् महिने आपण होऊन आत जाणाऱ्या कोंबड्या एका संध्याकाळी दाराबाहेर थांबतात, छपरावर बसतात. अशा वेळी मी सगळ्यात आधी किडे शोधतो. कोंबडीच्या गोचिडी आणि बारीक लाल किडे दिवसा अंगावर नसतात. ते दांडीच्या टोकाला, फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत दडून बसतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी उचलून पिसं विसकटून पाहिली तर काही सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो.

रात्री नऊनंतर जा. पांढरा सुती कपडा बोटाला गुंडाळून दांडीच्या खालच्या अंगाने आणि टेकूच्या खाचेत दाबून फिरवा. कपड्यावर तांबूस-तपकिरी डाग उमटले तर निदान झालं. ते चिरडलेल्या किड्यांतलं रक्त असतं. फटींच्या तोंडाशी मिरपुडीत राख मिसळल्यासारखी भुकटी दिसते, तीही त्यांचीच खूण. तुरा फिका पडणं आणि अंडी कमी होणं पुढचं.

कोंबड्या दोन-तीन रात्री दुसरीकडे डालग्यांखाली (बांबूच्या मोठ्या टोपल्यांखाली) ठेवा. खुराडं पूर्ण रिकामं करा, जुना तूस लांब नेऊन जाळा, दांड्या काढून उन्हात टाका. सगळ्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. वाळल्यावर चुन्याचा घट्ट हात द्या आणि तो फटींत कुंच्याने भरा. आठवड्याने पुन्हा तेच, कारण अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. गोचीड काही न खाता महिनोन् महिने जगते, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून ती जात नाही. औषध फवारायचं असेल तर कोणतं आणि किती हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच. परसात एका कोपऱ्यात राख आणि कोरड्या मातीचा खड्डा ठेवा. कोंबड्या त्यात लोळून स्वतःची काळजी घेतात.

किडे नसतील तर आदल्या रात्री काही आलं होतं का पाहा: पायांचे ठसे, ओरखडे, आत पडलेली सापाची कात. नाहीतर दाटी. पिल्लं मोठी झाली, संख्या वाढली आणि दांडी तेवढीच राहिली, असं सहज होतं.

दार, कडी, मोजणी

वर-खाली सरकणारी फळी बिजागरीच्या दारापेक्षा बरी. दार बिजागरीचंच असेल तर कडी घालून तिच्यात खिळा किंवा खिट्टी अडकवा. नुसती फिरती पट्टी कुत्रं नाकाने उघडतं. आपोआप बंद होणारी दारं आता मिळतात. घ्यायची तर बॅटरीवर चालणारी घ्या, वीज गेली की नुसत्या विजेवरचं दार उघडंच राहतं. आणि दार यंत्राने लावलं तरी मोजायचं तुम्हालाच.

मोजणी रोज, दार लावताना. एक कमी भरली तर पहिला संशय खुडूक बसल्याचा घ्या. निवडुंगाखाली, केळीच्या गड्ड्यात किंवा गवताच्या गंजीत कुठेतरी ती अंड्यांवर बसलेली असते. सकाळी दाण्याला क्षणभर येते तेव्हा तिच्या मागे जा म्हणजे जागा सापडेल. अंधारात अशा जागी किंवा अंड्यांच्या पेटीत हात घालू नका. आधी बॅटरी, मग काठी, मग हात. नाग दिसला तर दार उघडं ठेवून मागे या आणि सर्पमित्राला बोलवा.

मोजताना एखादीच्या गळ्याची पिशवी चाचपून पाहायची सवय लावा. रात्री ती भरलेली आणि टणक लागली पाहिजे. रिकामी असेल तर कोंबडी आजारी आहे किंवा बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत. लसीकरणालाही हीच वेळ सोयीची. मानमोडीची लस द्यायला सगळ्या हाताशी बसलेल्या असतात, धावपळ होत नाही.

सकाळी चांगलं उजाडल्यावरच दार उघडा. कोंबडा चारला आरवला म्हणून उघडायचं नाही. त्या वेळी रानमांजर घरी परतत असतं आणि मुंगूस बाहेर पडत असतं.

पिल्लांची आई आणि बदकं

पिल्लं घेऊन फिरणाऱ्या कोंबडीला दांडीचा उपयोग नाही. ती पिल्लं पोटाखाली घेऊन जमिनीवर बसते. तिला घरात किंवा खुराड्याच्या आत फळीवर बसवून वर डालगं पालथं घाला, डालग्यावर दगड, थंडीत गोणपाट. डालग्याची वीण बारीक हवी, नाहीतर उंदीर पिल्लाचा पाय ओढतो. दीड-दोन महिन्यांनी आई पुन्हा दांडीवर जायला लागते आणि पिल्लं खाली ओरडत राहतात. तेव्हा जमिनीपासून दांडीपर्यंत आडव्या पट्ट्या ठोकलेली एक तिरकी फळी लावून द्या.

बदकं दांडीवर बसत नाहीत आणि अंधार पडला म्हणून घरीही येत नाहीत. त्यांना रात्रीही बऱ्यापैकी दिसतं, त्यामुळे ती तळ्यातच रमतात. त्यांना मात्र हाकावं लागतं. दोन हातांत दोन लांब काठ्या आडव्या धरून सावकाश मागून चाला, सगळी एका रांगेत येतात. त्यांना वेगळ्या कप्प्यात पेंढ्यावर ठेवा. ती आत पाणी सांडतात आणि कोंबड्यांचा तूस ओला होतो. बदकं पहाटे ते सकाळी अंडी घालतात, म्हणून नऊच्या आधी सोडली तर अंडी तळ्यात जातात.

हल्ला झालाच तर

जनावराला एकदा कोंबडी मिळाली की ते पुढच्या रात्रीही येतं, बहुधा त्याच वेळी. म्हणून त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत ते कुठून शिरलं हे शोधून ती जागा बंद करा. सापडत नसेल तर भर दुपारी आत बसून दार लावून घ्या. जिथून उजेड येतो, ते प्रत्येक भोक तपासा. दोन बोटं जात असतील तर बुजवायचं. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नका, लांब खोल खड्डा करून चुना घालून पुरा. दोन रात्री बाकीच्या घरात किंवा डालग्यांखाली ठेवा.

वाचलेल्या कोंबड्या काही दिवस खुराड्यात शिरत नाहीत. तूस बदला, रक्ताचे डाग धुऊन काढा आणि त्यांना पुन्हा नव्यासारखं तीन-चार दिवस आवारासकट कोंडून ठेवा. अंडी आठ-पंधरा दिवस कमी पडतील. बिबट्याचे ठसे दिसले तर स्वतः काही न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि तोवर खुराड्याभोवतीचं गवत-झुडपं दहा-बारा फूट साफ करून तिथे रात्री दिवा लावा.